यानातले मांजर

३ मार्च, सकाळी ९.४०
दुकान उघडायला वीस मिनिटे आहेत. आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचू नये. वाचलीच, तर तारखा बरोबर असाव्यात.

संकल्प: 'परतीचे यान' ही मालिका दुसऱ्या सीझनलाच बंद पडली. पुढचे मी लिहिणार. चाळीस प्रकरणे. शेवटी कॅप्टन मरतो. चाहत्यांच्या ग्रुपवर बाकीचेही मालिकेवर कथा लिहितात, पण मजेसाठी. मी गंभीर आहे. निवडक कथांचा अंक एक जूनला निघतो. त्यात पहिली कथा माझी असेल. तो अंक ताईसमोर ठेवला, की मी शाळा अर्धवट सोडल्याचा विषय घरात कायमचा बंद.

७ मार्च
प्रकरण तिसरे टाकले. ड्रायक्लीनिंगला आलेल्या कोटांच्या रांगेमागे बसून लिहितो. मालककाका म्हणाले, की खाली दोन पाय दिसले, हलत नव्हते, म्हणून त्यांना वाटले कोणाची पँट हँगरवरून पडली. हसलो नाही. शुद्धलेखन चौदा वेळा तपासले. एकही चूक नाही.

८ मार्च
एक चूक आहे. 'कॅप्टनने मांजर मांडीवरून उतरवले आणि इंजिन बंद केले.' यानात मांजर नाही. बावीस भागांत कुठेही नाही. लिहिताना दुकानातले मांजर माझ्या मांडीवर होते, ते तसेच आत शिरले.

वाक्य काढणार होतो. पण तोवर एकशे बारा लोकांनी विचारले, की हे कुठून आले. एरवी मला तीन कमेंट येतात, त्यातली एक माझी. ठेवले. लेखकाने लवचीक असावे.

१५ मार्च
प्रकरण पाचवे. कॅप्टनचे एकटेपण, सलग चार पाने. माझ्याच डोळ्यांत पाणी आले. बाहीला पुसले. बाही गिऱ्हाइकाची होती.

सत्तेचाळीस कमेंट. शेहेचाळीस जणांनी विचारले, की मांजर जेवले का. सत्तेचाळिसावा म्हणाला, कॅप्टन जरा कमी करा.

२२ मार्च
ग्रुपवर मांजराची एकतीस चित्रे आली. एका बाईने त्याला लोकरीचा अवकाश-पोशाख विणला. कोणीतरी त्याच्यावर गाणे रचले, चाल बरी आहे. मी दुर्लक्ष केले. फक्त प्रत्येकाला त्याच्या अशुद्ध शब्दांची यादी पाठवली. एकाने आभार मानले, मांजराचे चित्र पाठवून.

२ एप्रिल, दुपारी
निर्णय झाला. प्रकरण नववे. यानाचा बाहेरचा दरवाजा उघडतो, मांजर अवकाशात जाते. दोन ओळी. आता वाचकांचे लक्ष कॅप्टनकडे वळेल.

३ एप्रिल
वळले नाही.

५ एप्रिल
ताई दवाखान्यात केसपेपर काढते. तिथल्या नर्सने तिला ते प्रकरण दाखवले. माझे टोपणनाव तिला माहीत नाही. जेवताना म्हणाली, की कसली माणसे असतात, बिचारे मांजर, आणि अशा माणसाच्या घरच्यांना काय वाटत असेल. मी म्हणालो, की लेखकाचीही काही बाजू असेल. ताई म्हणाली, गप जेव, तुला काय कळतंय त्यातलं.

भाजी आणखी घेतली नाही. तिच्या लक्षात आले नाही.

१९ एप्रिल
मांजर परत आल्याच्या सतरा कथा आल्या. एकीत धूमकेतूवर बसून येते. शास्त्राला धरून नाही. शेवटपर्यंत वाचली, ती फक्त चुका काढण्यासाठी. त्या काढायच्याच राहून गेल्या.

'पेचकस' या नावाचा माणूस ग्रुप चालवतो आणि अंकासाठी कथा निवडतो. त्याने जाहीर केले, की यंदाचा अंक मांजर विशेषांक. कॅप्टनच्या कथा पाठवू नयेत.

मी ग्रुप सोडला. कायमचा.

१९ एप्रिल, चाळीस मिनिटांनी
परत आलो. कोणी विचारले नाही, कारण कोणाला कळले नव्हते.

२४ एप्रिल
युक्ती सुचली. नवे अकाउंट, नवे नाव. मांजराची कथा मीच लिहिणार. बाकीचे सगळे अंदाजाने लिहितात. मांजर माझे आहे. पहिले पान पक्के.

९ मे
कथा पाठवली. अकरा पाने. मांजर आयुष्यावर विचार करते. शुद्धलेखन एकवीस वेळा तपासले.

१६ मे
पेचकसचे उत्तर आले. सभ्य माणूस आहे. भाषा निर्दोष आहे, म्हणतो. पण हे आपले मांजर वाटत नाही, आपले मांजर इतका विचार करणार नाही. तुम्ही नवीन दिसता, तेव्हा मूळ कथेचे तिसरे प्रकरण सावकाश वाचा. त्या लेखकाचे मांजराकडे लक्षच नव्हते, म्हणून ते इतके जिवंत उतरले.

१ जून
अंक आला. पहिली कथा धूमकेतूवाली. ताईने ती जेवताना मोठ्याने वाचली आणि हसता हसता तिला ठसका लागला. मी पाणी दिले. ती म्हणाली, की तुझे मालक सांगत होते, नुसता कोटांमागे बसून असतोस, त्यापेक्षा असलं काहीतरी लिहून बघ की. मी म्हणालो, बघतो.

२ जून, दुपारी
कोटांमागे बसून तिसरे प्रकरण सावकाश वाचले. मांजर मांडीवर येऊन झोपले. पेचकसचे म्हणणे बरोबर आहे.

नव्या अकाउंटवरून खाली एक कमेंट टाकली. मांजर जेवले का?