ओळखू यावं म्हणून सोनेरी

२ फेब्रुवारी, सोमवार

मी केस सोनेरी करणार आहे. कारण हौस नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझाच गैरसमज व्हायला नको.

कारण न्याय. आमच्या लॅबमध्ये कृत्रिम दात बनतात. त्यासाठी आधी दवाखान्यात जाऊन पेशंटच्या शेजारच्या खऱ्या दातांचा रंग टिपावा लागतो. नमुन्याच्या सोळा दातांची पट्टी असते. तिच्यातला एकेक पेशंटच्या दाताशी ताडून बघायचा आणि जुळेल त्याचा नंबर लिहायचा. याला शेड घेणं म्हणतात. सध्या हे काम दोघी करतो, मी आणि मौनी. मौनी म्हणजे शेजारच्या टेबलावरची. तोंड उघडतच नाही, म्हणून मौनी. ३१ मार्चला सर एकीला या कामावर कायम करणार. दुसरी परत मागच्या खोलीत, प्लास्टरचे साचे घासायला.

अडचण अशी की दोघींची उंची सारखी, चष्मा सारखा, वेणी सारखी. जी मोकळी असेल ती दवाखान्यात जाते, चिठ्ठीवर फक्त लॅबचा शिक्का. मग फोन येतो, तुमच्या त्या मुलीनं शेड अगदी अचूक घेतली हो. सर विचारतात, कोणती मुलगी? पलीकडून उत्तर, वेणीवाली.

माझं काम मौनीच्या नावावर जमा होतंय. तिची चूक नाही. माझ्या केसांची आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या बहिणीला योजना सांगितली. ती म्हणाली, चिठ्ठीवर सही कर की. मी म्हटलं, सही करणं म्हणजे पुढे पुढे करणं, आपल्या घरात तसं शिकवलेलं नाही. ती म्हणाली, आणि डोक्यावर पिवळा झेंडा लावून फिरायला शिकवलंय होय?

लहान आहे. तिला बारकावे कळत नाहीत.

सरांना रीतसर अर्ज दिला. विषय: केसांच्या रंगात नियोजित बदल. सरांनी न वाचता सही केली आणि म्हणाले, एकच दिवस ना? घे. म्हणजे लेखी परवानगी आहे. प्रत फाइलला लावली.

८ फेब्रुवारी, रविवार

आईला सांगितलं. सातव्या वर्षापर्यंत मी घरीच शिकले, आईच्या हाताखाली. तिचा पहिला धडा अक्षरांचा नव्हता. जे करशील ते आधी सांग आणि चुकलीस तर आपणहून सांग, हा होता. मला तो इतका पाठ आहे की मी नख कापलं तरी घरात कळवते.

आई म्हणाली, केस कुणाचे? मी म्हटलं, माझे. मग मला कशाला विचारतेस? मी म्हटलं, विचारत नाहीये, कळवतेय. ती म्हणाली, कळलं. मग दुपारपर्यंत स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत राहिले.

बाबा पेपरमधून वर बघून म्हणाले, गळत असतील तर डॉक्टरांना दाखव.

एकंदरीत घरचा पाठिंबा आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

पार्लरवालीकडे चौकशी केली. तिने वेणी हातात घेऊन तोलून पाहिली आणि म्हणाली, ताई, इतके काळेभोर केस एका बैठकीत सोनेरी होत नाहीत. आधी विटकरी होतील, मग नारिंगी, मग पिवळे. तीन-चार बैठका लागतील, मध्ये महिना महिना सोडायचा. आणि आधी एक बट करून बघू.

मला महिना महिना नाही. शिवाय ती केस रंगवते. मी रंग ओळखते. दोन पांढऱ्या दातांमधला फरक मला दिसतो, जो त्या दातांच्या मालकालाही दिसत नाही. सोनेरी जमणार नाही असं मानायला काही आधार नाही. घरीच करणार.

रंगाच्या डब्यावर लिहिल्याप्रमाणे कानामागे थेंब लावून अ‍ॅलर्जी पाहिली. मग दुसऱ्या कानामागे. मग दोन्ही कोपरांच्या आत. निष्काळजीपणा मला जमत नाही. बट करून बघायची पायरी मात्र गाळली. माझे केस मला माहीत आहेत.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी १०. लावलं. बहीण हातमोजे घालून ब्रश चालवतेय आणि हसतेय. हसताना ब्रश हलतो. तिला ताकीद दिली.

१०.४०. विटकरी. हे अपेक्षित होतं.

११.१५. नारिंगी. डोक्याची आग. बहीण म्हणते, ताई, तू चौकात उभी राहिलीस ना, गाड्या थांबतील.

१२. धुतलं. नारिंगीच. मुळांशी जरा उजळ, टोकांशी तांबडं, मध्ये काय आहे त्याला मराठीत शब्द नाही. आई दारात येऊन उभी राहिली. आता बोलेल असं वाटलं. ती आत गेली, टॉवेल घेऊन आली आणि म्हणाली, हा जुना घे, चांगल्याला लागेल.

नारिंगी ही सोनेरीची अलीकडची पायरी आहे. म्हणजे मी जवळजवळ पोहोचले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सर म्हणाले, हे काय? मी अर्जाची प्रत दाखवली. त्यांनी या वेळी वाचली. स्वतःची सहीसुद्धा नीट तपासली. मग म्हणाले, बरं.

पण परिणाम बघा! पहिल्याच दिवशी तीन दवाखान्यांत ओळखलं गेलं. (एकात ओळख म्हणजे वॉचमनने अडवलं.) दुसऱ्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अरे, तुम्ही नवीन का? मी म्हटलं, नाही, गेल्या जूनपासून येतेय. त्या म्हणाल्या, हो? मग तुमच्याकडे ती वेणीवाली होती, ती कुठे गेली?

माझा मुद्दा सिद्ध झाला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज एक पेशंट गळ्यात भडक केशरी स्कार्फ घालून खुर्चीत. मी नम्रपणे काढायला लावला आणि गळ्यापर्यंत राखाडी कापड घातलं. नियमच आहे: आजूबाजूचा रंग दातावर पडतो आणि शेड चुकते, म्हणून भडक कपडे झाका, लिपस्टिक पुसा. लॅबच्या भिंतीवर हा नियम माझ्याच अक्षरात लावलेला आहे. नियम म्हणजे नियम. बाई जरा नाराज झाल्या.

मौनी सोबत होती. परतताना म्हणाली, आणि केस?

मी म्हटलं, बांधत का नाही म्हणतेस ना? अगं, बांधले तर दिसणार कसे?

तिने राखाडी कापडाची घडी करून पिशवीत टाकली. जरा जळते बहुधा. माणूस आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुसरी बैठक. महिना नाही, आठवडा सोडला. आता पिवळे. पिकल्या केळ्याच्या सालीसारखे पिवळे, आणि हाताला काथ्यासारखे. ओले असताना ओढले तर रबरासारखे ताणतात आणि परत येत नाहीत. कंगव्यात आले ते मोजायचे नाहीत असं ठरवलं. एकशे चाळीस.

मावशी आली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, केस उजळले, आता चेहऱ्याचं काहीतरी बघ. आई म्हणाली, तिच्या चेहऱ्याला काय झालंय? मावशी म्हणाली, मी कुठं काय म्हटलं. गेल्या आठ दिवसांत आई पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलली. रंगाचा हा आणखी एक फायदा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पिवळेपणा मारायला जांभळा शाम्पू असतो. बाटलीवर तीन मिनिटं लिहिलं होतं. मी सावधगिरी म्हणून तीस ठेवला. आज डोकं जांभळट राखेच्या रंगाचं आहे. बाबा म्हणाले, वय झालं गं तुझं. नंतर त्यांना वाईट वाटलं, मला संत्रं सोलून दिलं.

दोन-तीनदा धुतल्यावर पुन्हा पिवळे होतील असं बहीण म्हणते.

५ मार्च, गुरुवार

झाले. पिवळे.

एक दात परत आला. मी शेड घेतलेली कॅप. पेशंट आजोबा डॉक्टरीणबाईंना म्हणाले म्हणे, माझे बाकीचे दात पिवळे व्हायला सत्तर वर्षं लागली, हा जन्मलाच तसा.

दवाखान्यातला दिवा खराब असणार. मी तसं नम्रपणे सुचवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवा गेल्याच महिन्यात बदललाय. मी म्हटलं, तेच तर.

१२ मार्च, गुरुवार

आणखी तीन. सगळे पिवळट. कारणं अशी: एक, पेशंट चहा फार पितात. दोन, पोर्सिलेनची पावडर नव्या खोक्यातली आहे. तीन, त्या दिवशी ढगाळ होतं.

मौनीचे दातही त्याच पावडरीचे, त्याच ढगाखालचे, आणि बरोबर बसले. अपवाद असतात.

एक गोष्ट मात्र समाधानाची. आता फोनवर गोंधळ उरलेला नाही. सर विचारतात, कोणती मुलगी? आणि सगळे एका दमात सांगतात, ती सोनेरी केसांची.

१९ मार्च, गुरुवार

आज एक गोष्ट पाहिली. लिहू की नको असं झालंय. लिहिते.

शेड घेताना मी पेशंटवर वाकते. केस डावीकडून पुढे येतात. पट्टी माझ्या उजव्या हातात असते, केसांपासून लांब. आज पेशंटच्या तोंडात छोटा आरसा होता आणि त्यात मला दात दिसला. त्यावर पिवळी झाक. मी केस मागे घेतले. झाक गेली. पुढे घेतले. आली. पट्टीवरचा दात मात्र दोन्ही वेळा तसाच.

असं चार वेळा केलं. पेशंटने विचारलं, काही गंभीर आहे का?

योगायोग असू शकतो. नसेल, तर चूक आपणहून सांगायची. पण आत्ता सांगितलं तर सरांच्या निर्णयावर प्रभाव पडेल, आणि प्रभाव टाकणं बरं नाही. म्हणून ३१ तारखेनंतर सांगेन. तोपर्यंत शेड घेताना केस बांधते.

२४ मार्च, मंगळवार

केस बांधल्यापासून एकही तक्रार नाही. म्हणजे प्रश्न मिटला. मिटलेल्या प्रश्नाची वाच्यता करण्याची गरज असते का, हा वेगळा विचार.

२६ मार्च, गुरुवार

दुसऱ्या एका शेडसाठी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. बाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या पुढच्या दाताची शेड मीच घेतली होती, ४ मार्चला, केस मोकळे सोडून. त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, दोन वर्षं तोंडावर हात ठेवून हसते मी, आता सुटेन एकदाची. शाळेत शिकवतात. पोरं नक्कल करतात म्हणाल्या, हात ठेवण्याची.

आज त्यांनी मला ओळखलं. अर्थात ओळखलं. हसल्या. तोंडावर हात ठेवून.

मी म्हटलं, दात बसला का? त्या म्हणाल्या, बसला हो, छान बसलाय, मलाच मेलीला सवय झालीय हाताची. मग म्हणाल्या, तुमचे केस काय सुरेख आहेत.

मी शेड न घेताच लॅबमध्ये परत आले. सर निघून गेले होते.

२७ मार्च, शुक्रवार

सकाळी सर यायच्या आधी दारात उभी होते. सगळं सांगितलं. आरसा, झाक, एकोणीस तारीख, तेव्हापासून गप्प राहिले ते. प्रभाव पडू नये म्हणून थांबले होते हेही सांगितलं. ते मोठ्याने बोलल्यावर फार वेगळं ऐकू आलं.

सरांनी भिंतीवरच्या माझ्या अक्षरातल्या नियमाकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. म्हणाले, किती जणांचे? मी म्हटलं, परत आले ते चार, आणि तीन जे परत आले नाहीत. ते म्हणाले, त्या तिघांना कसं कळणार? मी म्हटलं, मी फोन करते.

केले. दोघांनी ओरडून घेतलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, म्हणजे तो खरंच पिवळा होता? मला वाटलं, माझंच मन कोतं.

संध्याकाळी केस काळे केले. नुसता काळा नाही बसला, कोळशासारखा निर्जीव काळा, उन्हात हिरवट. आईने स्वतः लावून दिला. एवढंच म्हणाली, मान खाली घाल.

३१ मार्च, मंगळवार

मौनीला कायम केलं.

सरांनी मला आत बोलावून सांगितलं, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, खरं सांगू का, माझं ठरत नव्हतं. पूर्वी तक्रारी यायच्या, वेणीवालीची शेड चुकली म्हणून. आता कोणती वेणीवाली, कसं कळणार? मी दोघींच्या नावावर अर्ध्या अर्ध्या टाकायचो. कौतुकंही तशीच. पण सोळा फेब्रुवारीपासून बघतोय, मौनीची एकही तक्रार नाही. म्हणजे आधीच्या ज्या होत्या...

मग म्हणाले, तुझ्या केसांचे उपकारच झाले.

मी आभार मानले. सवय.

२ एप्रिल, गुरुवार

मागची खोली. साचे घासतेय. टोपी घालावी लागते, प्लास्टर उडतं. केस काळे आहेत की सोनेरी, कुणालाच पत्ता नाही.

दुपारी मौनीने बोलावलं. लॅबमधल्या सगळ्यांच्या दातांच्या शेड ती नोंदून ठेवतेय, सरावासाठी. मी खुर्चीत बसता बसता म्हटलं, वेळ घालवू नकोस, माझी बी वन. पट्टीतली सगळ्यांत उजळ. नोकरीला लागले तेव्हापासून मी तीच धरून चालले आहे.

तिने पाच सेकंद पाहिलं आणि लिहिलं, सी थ्री, म्हणजे गडद टोकाकडून तिसरी.

मी म्हटलं, पुन्हा बघ. तिने पुन्हा पाहिलं. सी थ्री. मी म्हटलं, खिडकीपाशी बघ. ती मला खिडकीपाशी घेऊन गेली, पट्टी माझ्या हातात दिली, आरसा धरला आणि म्हणाली, तूच बघ बाई.

मी सोळाही लावून पाहिले. बी वनपासून सुरुवात केली आणि शक्य तेवढा वेळ तिथेच थांबले.

सी थ्री.

नोकरीत पहिल्यांदाच, बहुधा, माझी शेड बरोबर लागली.