डाव्या हाताची ग्रिप

दि. ९ मार्च, सोमवार

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं मजेत. थंडी गेल्यापासून आईचा गुडघा कुरकुर करत नाही, आई मात्र करते, म्हणजे तब्येत उत्तम. स्वयंपाकघरातला नळ अखेर मी दुरुस्त केला. पूर्वी तो गळायचा, आता नुसता रडतो. समोरच्या शिंपीणबाईंचं मशीन पुन्हा अडलं होतं, तेही उघडून साफ करून दिलं. तुझं प्लास्टर निघाल्याचं मावशीने कळवलं. डॉक्टरांनी दिलेला चेंडू दाबत जा. रोज तू पेशंटना सांगतेस तेच मी तुला सांगतोय, हसू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तिकडे मावशी कान लावून, इकडे आई कान लावून. आणि तू "हं, बाबा" म्हणालीस की माझं पुढचं सगळं सांगायचं राहूनच जातं. दोनदा केला आणि दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवला.

मावशी सांगत होती की तू जिना उतरताना कठडा सोडत नाहीस, चहाचा कप दोन्ही हातांनी उचलतेस. घरोघर जाऊन पेशंटना व्यायाम द्यायचं काम सोडून तू उपचार केंद्रात टेबलावर बसायचं म्हणतेस, आणि शुक्रवारी तसा होकार कळवणार आहेस. "माझा हात ऐन वेळी सुटतो मावशी, अशा हाताने मी पेशंटला उभं कसं करू?" असं तू तिला म्हणालीस. हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. आईला वाटतं, पित्त झालंय.

तर आता मोटरसायकलबद्दल.

हँडलच्या ग्रिपा झिजून चिकट झाल्या होत्या आणि तू गाडी गॅरेजला टाकायला निघाली होतीस. मी म्हटलं, दोन रबरी नळ्या बदलायला गॅरेज कशाला? जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त करणारा बाप काय घरात शोभेला ठेवलाय? तू हसलीस. नव्या ग्रिपा, हँडलच्या टोकाला बसणारी लोखंडी बोंडं, त्यांचे स्क्रू, सगळं माझ्या हातात दिलंस. दारातून वळून म्हणालीस, "बाबा, तेल नको लावूस हं. घसरेल. साबणाचं पाणी लाव."

माझी तेलाची खोड तुला ठाऊक. दार करकरलं की तेल, कात्री अडली की तेल. आई म्हणते, यांना ताप आला तरी हे आधी दोन थेंब तेल सोडून बघतील.

उजवी ग्रिप साबणाच्या पाण्याने बसली. डावी अर्ध्यावर अडकली, ना आत ना बाहेर. साबण वाळला. मी ओढली, पिळली, तिचा उद्धार केला, तळहात सोलून निघाला. आई आतून म्हणाली, "जमत नसेल तर राहू द्या." ते ऐकलं आणि मशीनच्या तेलाची कुपी उचलली. चार थेंब आत सोडले. ग्रिप सर्रकन बसली. त्या बाजूच्या बोंडाचा स्क्रू आवळताना त्याचे आटे माझ्याच जोराने गेले, म्हणून ते बोंड तसंच डब्यात ठेवलं. तू विचारलंस तेव्हा म्हटलं, स्क्रू आणायचाय, त्यावाचून काही अडत नाही. ते बोंड असतं तर ग्रिप हँडलवरून बाहेर येऊच शकली नसती.

मग त्या दिवशी वळणावर कुत्रं आडवं आलं, तू क्लच दाबून हँडल खेचलंस आणि डावा हात निसटला. तुला एवढंच आठवतं. आई तुझ्याजवळ इस्पितळात होती, मी तुझे कपडे न्यायला घरी आलो होतो. तेवढ्यात एका टेम्पोवाल्याने गाडी आणून उतरवली. मग खिशातून ग्रिप काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "ही ताईंच्या मुठीत होती. शुद्ध नव्हती, तरी सोडत नव्हत्या. दोघांनी मिळून बोटं उघडली." ग्रिपच्या आत तेल चकाकत होतं.

तुझा हात सुटला नव्हता गं. तू घट्टच धरलं होतंस.

टेम्पो गेल्यावर मी दार लावून घेतलं. हँडल स्पिरिटने पुसलं, ग्रिप पुसली, चिकटवून बसवली. डब्यात शोधला तर दुसरा स्क्रूही सापडला, आधी शोधलाच नव्हता. बोंडही लावलं. इतकं नेटकं काम माझ्या हातून कित्येक महिन्यांत झालं नव्हतं, आणि ते करताना मला माझी किळस आली तरी मी थांबलो नाही. मग कपडे घेऊन तुझ्याकडे आलो. तू गुंगीत होतीस. डोळे न उघडता विचारलंस, "बाबा, तू तेल नव्हतंस ना लावलं?"

मी म्हटलं, "छे गं."

तू मान हलवलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस.

नंतर गॅरेजवाला येऊन गाडी बघून गेला. दोन्ही ग्रिपा पिळून पाहिल्या आणि म्हणाला, "गाडीत काही दोष नाही काका, ताईंचाच हात सुटला असणार." आईने ते तुला जसंच्या तसं सांगितलं. मी तिथेच खुर्चीवर तुझ्यासाठी संत्रं सोलत होतो. तू प्लास्टरमधल्या बोटांकडे बघत राहिलीस आणि मी संत्र्याच्या शिरा काढत राहिलो.

हाड मोडलं ती माझी चूक. पण "छे गं" म्हणालो ते चुकून नव्हे. मला भीती वाटली, की तू यापुढे माझ्या हातात साधा स्क्रूसुद्धा देणार नाहीस. त्या भीतीपायी तुझ्या चांगल्या हातावर मी आळ येऊ दिला. मला लाज वाटते, भिंगरी. फार लाज वाटते.

आज सकाळी आईला सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "मला काय सांगताय? तिला सांगा. आणि ती बोलेल तेव्हा मध्ये तोंड घालू नका."

तुला टेबलावर बसायचं असेल तर खुशाल बस. गाडीला पुन्हा हात लावायचा नसेल तर नको लावूस. पण हातात जोर नाही म्हणून नको. तुझी मूठ उघडायला दोन माणसं लागली होती.

पोस्टाच्या भरवशावर राहत नाही. उद्या पहिल्या बसने स्वतः येतो, पाकीट मावशीच्या दाराखालून आत सरकवतो आणि खाली जाऊन बसतो. बोलावलंस तर वर येईन. नाही बोलावलंस तर शेवटच्या बसने परत जाईन, आणि तुझं काही चुकलं असं मला वाटणार नाही.

तू हे वाचतेस तेव्हा खाली बाकावर बसलेला,
तुझा बाबा