शकूने विचारलेली जाहिरात

मी, निवृत्ती हौशीराम केदारी, वय सदुसष्ट, राहणार भाजे, ता. मावळ, जि. पुणे, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारी एकच होती, माझी पत्नी शकुबाई, ती दोन वर्षांपूर्वी गेली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. भाज्याचं राहतं घर मुलगा पवन व मुलगी स्नेहल यांना समसमान. दोघांनी अंगणात मधोमध भिंत घालू नये.

कलम २. वडगाव मावळचं डीटीपीचं दुकान, कॉम्प्युटर व प्रिंटरसह, पवनला. तिथे मी आधी लग्नपत्रिका केल्या, पुढे गावोगावच्या वेबसाइट. जोडाक्षरं फुटू नयेत म्हणून मराठी मजकूर मी चित्र करून टाकत असे. लोक वाहवा करत. पण ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवणाऱ्या फोनला त्यातलं अक्षरही कळत नसे. तो नुसता "चित्र" म्हणे.

कलम ३. गेल्या सात वर्षांत त्या बहुतेक वेबसाइट मी फुकट दुरुस्त केल्या. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला वाचता येईल अशा अक्षरांत, चित्राला वर्णन, बटणाला नाव. हे जगभर ठरलेले नियम आहेत, म्हाताऱ्याची लहर नव्हे. चार राहिल्या आहेत. त्या पवनने पुऱ्या केल्या तरच दुकान त्याचं, नाहीतर स्नेहलचं. वेबसाइट पुरी झाली की नाही हे पवनने ठरवायचं नाही. लोहगडवाडीच्या अंबाजींना जन्मापासून दिसत नाही. त्यांनी कोणाला न विचारता ती फोनवर वाचली, की झाली. माझा नवा फोन अंबाजींना द्यावा.

कलम ४. लोणावळ्याचे हॉटेलवाले प्रितमशेठ यांना काही नाही. तुमची वेबसाइट फुकट नीट करतो म्हटलं तर हसले. "आंधळी माणसं पॉइंट बघायला येतात होय?" माझ्या दहाव्याला त्यांना बोलावू नये. आलेच तर चहा द्या. शकूने दिला असता.

कलम ५. हे कलम मी तीनदा पुसलं. शकूला काही महिने अंधुक दिसत होतं. वय झालं म्हणून आम्ही चष्मा बदलला, आणि स्नेहलने तिचा फोन बोलता करून दिला. २०१८ च्या फेब्रुवारीत तिने मला दुकानात फोन केला.

"अवो, गावाच्या वेबसाइटवर कायतरी आलंय. फोन नुसता चित्र चित्र म्हणतोय. काय ल्हिवलंय त्यात?"

लग्नसराई होती, गिऱ्हाईक समोर उभं. मी म्हणालो, "असंल कसली तरी जाहिरात. सोड."

"बरं," म्हणाली.

ती जाहिरात मीच चार दिवस आधी केली होती, गुलाबी अक्षरांत. तिने विचारलं ते हेच, हे त्यातलं शिबिर होऊन गेल्यावर माझ्या लक्षात आलं. दिवाळीपर्यंत शकूचे दोन्ही डोळे गेले. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, "सहा-आठ महिने आधी का नाही आणलं?" शकू म्हणाली, "कळलंच न्हाई, सायेब." मी शेजारीच उभा होतो. पुढे पाच वर्षं तिचा हात धरून हिंडवलं. लोक मला देवमाणूस म्हणाले आणि मी म्हणू दिलं. तिला खरं सांगितलं नाही. भीती वाटली, ती हात सोडवून घेईल.

कलम ६. या मृत्युपत्राचा फोटो काढून पाठवू नये. मजकूर म्हणूनच पाठवावं, अंबाजींना वाचता यावं. दहाव्याला स्नेहलने शकूच्या फोटोसमोर बसून खालच्या ओळी मोठ्याने वाचाव्यात. शकू, तू विचारलं होतंस. त्यात असं लिहिलं होतं.

मोफत नेत्रतपासणी शिबिर. रविवार, दि. ११ फेब्रुवारी २०१८, सकाळी दहा ते दुपारी दोन. समाजमंदिर, भाजे. अंधुक दिसत असल्यास जरूर यावे. फोन केल्यास न्यायला घरी गाडी येईल.

सही: निवृत्ती हौशीराम केदारी

आमच्यासमोर वाचून सही केली. वाचताना दोनदा थांबले.
साक्षीदार: १. कैलास सीताराम येवले, भाजे २. गेणू बाळू शेलार, वडगाव मावळ

स्थळ: वडगाव मावळ
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५