आबा, चार्जर जळाला नव्हता

आबा,

गाडी सुरू झाली! हाताचा काळेपणा अजून निघालेला नाही, पण आधी तुम्हालाच कळवायचं म्हणून लेकीची वही ओढून लिहायला बसले. गेलेल्या सासऱ्याला पत्र लिहिणारी सून अख्ख्या लासुर्ण्यात मी एकटीच असेन. पण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, त्यात काय एवढं! तुम्ही म्हटलं नसतं.

तुम्ही गेल्याला पाच महिने झाले. तेव्हापासून गाडी गोठ्याशेजारच्या छपरात उभीच होती. किल्ली माझ्याकडेच होती, आबा. गाडीचं दार उघडलं की तुमच्या तंबाखूचा वास यायचा आणि मी परत दार लावून घरात यायची. बॅटरी उतरली ती माझ्यामुळंच, दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

आत्याबाईंचं काय सांगू? तुमचा पंचेचाळीस वर्षांचा संसार. तुमच्या माघारी त्या विचारलं तेवढंच बोलतात.

मग तुमच्या चिरंजीवांनी ठरवलं, गाडी भंगारात घालायची. "चालत न्हाय, नुसती जागा अडवती," म्हणाले. आज सकाळी बारामतीहून भंगारवाला येणार होता. कालव्याच्या रस्त्यावर तुम्ही मला जिच्यावर शिकवलंत, तीच गाडी पत्र्याच्या भावानं जाणार? मी म्हटलं, एक दिवस द्या, बॅटरी चार्ज करून बघते. तर हसून म्हणाले, "चार्जर बी जळालाय. म्या लावून बघितलाय."

काल सकाळी कपाटावरनं चार्जर काढला. लावला. लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. चिमटे पॉलिश पेपरनं घासले, बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी भुकटी गरम पाण्यानं धुतली, वायर लांबवून स्वयंपाकघरातल्या बोर्डात प्लग घातला. तरी तेच.

आणि एक विचारू? चार्जरची लाल वायर तुटल्यावर तिथंही काळीच कशी हो जोडलीत? अधिक कुठलं आणि उणं कुठलं, हे शोधण्यात माझा अर्धा तास गेला. क्लच शिकवलात, चढावर थांबलेली गाडी मागं न येऊ देता सोडायला शिकवलंत, पण बॉनेट उघडलं की लगेच, "सुवर्णा, च्या टाक जा." बॅटरी म्हणजे काय तुमचं देवघर होतं?

शेवटी पाठीवरच्या फवारणीच्या पंपातली छोटी बॅटरी काढली आणि चार्जर तिला लावून पाहिला. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला! म्हणजे चार्जर चांगला होता. मग गाडीच्या बॅटरीवर का चालेना?

पायरीवर बसून डोकं खाजवलं. विहिरीवरची मोटार रिकामी झाली की नुसती घुमते, पाणी उचलत नाही. आधी तिच्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हे तुम्हीच मला दाखवलं होतं. गाडीची बॅटरीही इतकी रिकामी झाली असेल की चार्जरला ती लावलेलीच कळत नसेल, तर तिलाही आधी थोडं पाजायला नको का?

पंपाची बॅटरीही बारा व्होल्टचीच. दोन वायरी घेऊन अधिकला अधिक आणि उण्याला उणं जोडलं, मग चार्जर लावला. दिवा लागला. वीस मिनिटांनी पंपाची बॅटरी सोडवली. पण दिवा तसाच! मी छपरात एकटीच हसत सुटले. दिवसभरात लाईटही गेली नाही, कधी नव्हे ते.

आज भंगारवाला दारात उभा असतानाच किल्ली फिरवली. दोनदा नुसती कण्हली, तिसऱ्यांदा इंजिननं धरलं. चिरंजीव बघतच राहिले.

तेवढ्यात आत्याबाई पिठाच्या हातानं धावत ओसरीवर आल्या. "आलं व्हय?" म्हणाल्या. तुम्ही बाजारातून परत यायचात तेव्हा म्हणायच्या, तसंच. मग स्टिअरिंगमागं मी दिसले आणि त्या जागीच थांबल्या. ह्यांनी आईकडं एकदा बघितलं आणि भंगारवाल्याला सांगितलं, "गाडी द्यायची न्हाय. तुमाला हेलपाटा झाला, च्या घिऊन जावा."

मला फार अपराधी वाटलं. आत्याबाईंना म्हटलं, "पुढच्या वेळी तुम्हाला सांगूनच सुरू करीन." त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "नगं सांगूस. तेवढ्यापुरतं तरी बरं वाटलं."

तर आबा, शब्द देते. आठवड्यातून एकदा गाडी सुरू करीन, न चुकता. आणि आत्याबाईंना आधी सांगणार नाही.

तुमची सून,
सुवर्णा