सुपरमार्केटला माझा एकटीचा आक्षेप

ती. नॉरीनताईस,

कुरॅबीहून धाकट्या व्हर्नाचा नमस्कार. तुझ्या डाव्या गुडघ्यालाही वेगळा नमस्कार सांग (हल्ली घरात त्याचाच मान मोठा, असं तूच लिहिलं होतंस). होबार्टला थंडी सुरू झाली असेल; लोकरीचे मोजे घालत जा, नुसते कपाटात ठेवू नकोस. माझी तब्येत उत्तम आहे. डोकं मात्र तीन आठवडे तापलेलं आहे, आणि ते कशानं, हे सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस.

प्राउझ कापडवाल्यांचं दुकान तुला आठवतं ना, जिथे तुझ्या लग्नाचे हातमोजे घेतले होते? ते बंद पडून नऊ वर्षं झाली. काचेमागे एक हात नसलेली बाहुली उभी आहे आणि तिच्या पायाशी मेलेल्या माश्या. त्यानं कुणाचं काही अडलं होतं का? नव्हतं. पण आता त्या जागेत म्हणे सुपरमार्केट होणार! कपडे घालून बघायच्या खोल्या पाडायच्या, मागे मोठाले फ्रिज बसवायचे, पुढे ट्रॉल्यांची रांग लावायची. गाव नुसतं नाचतंय. आणि हे सगळं माझ्या फाटकापासून एकशे चाळीस पावलांवर. (मोजली. दोनदा.)

आता तू म्हणशील, बये, दाराशी दूध-भाजी येतेय तर तुझ्या पोटात का दुखतंय? सांगते. गावातलं शेवटचं वाणसामानाचं दुकान जळालं त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी साडेसातला शेजारचा कॉलिन ट्रेझाइझ आपली पिकअप माझ्या दाराशी आणतो आणि आम्ही चौऱ्याऐंशी किलोमीटरवरच्या मेरिंगाला बाजाराला जातो. (तो विधुर, मी विधवा, आणि मध्ये त्याची कुत्री टिली बसते. तेव्हा भलतेसलते तर्क नकोत.) वाटेत तो एकूण चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन गव्हाबद्दल. बाजार झाला की बेकरीत एक कस्टर्डची वडी घ्यायची, मी ती अर्धी करून त्याच्यापुढे सरकवायची. परत आल्यावर तो बटाट्यांचं पोतं माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवतो, ‘येतो’ म्हणतो आणि जातो. बस, एवढंच. पण ताई, माझा आठवडा त्या एका दिवसावर उभा आहे. दुकान एकशे चाळीस पावलांवर आलं की चौऱ्याऐंशी किलोमीटर कोण कशाला जाईल? हे चारचौघांत बोलता येतं का? नाही. म्हणून मी पालिकेकडे पक्ष्यांच्या नावानं आक्षेप घेतला.

चार पानं लिहिली. ट्रॉल्यांच्या खडखडाटानं ऐन वसंतात मॅगपाय पक्षी बिथरतील आणि पोस्टमनच्या डोक्यात चोची मारतील, असा सगळा रोख. (चोची ते आत्ताही मारतात, पण मग त्यांना कारण मिळेल.) आक्षेप घेणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात, म्हणून मी निर्धास्त होते. आणि रिकाम्या हातानं कचेरीत जायची आपल्या आईची शिकवण नाही, म्हणून कागदांसोबत ताटलीभर खजुराचे स्कोनही, ते छोटे गोड पाव, ताजे भाजून देऊन आले. इथेच घोटाळा झाला.

शुक्रवारी दुपारी सभागृहात गाव जमलं. पालिकेच्या मिसेस पेनहॅलो यांनी सांगितलं की गावातून आक्षेप आला तो एकच. मग त्यांनी नावावर काळी शाई फासलेली ती चार पानं खड्या आवाजात वाचली. लोक हसले. मीही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. इथवर ठीक होतं. पण बाई पडल्या रीतीभातीच्या! म्हणाल्या, “नाव सांगता येत नाही, पण स्कोन सुरेख होते. ज्यांची असेल त्यांनी ताटली घेऊन जावी.” आणि ताटली उंच धरली. आता या गावात प्रत्येक ताटलीखाली चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतंच, नाहीतर अंत्यविधीच्या जेवणातून ती घरी परत येणार कशी? ‘व्ही. लिजेट’ ही अक्षरं मी चांगली ठळक काढली होती. मागच्या रांगेलासुद्धा दिसली.

“काय गं व्हर्ना,” डॉट हॅनिगन ओरडली, “पक्ष्यांची वकिली कधीपासून घेतलीस? मी नातवाच्या दुधासाठी मेरिंगा गाठायचं, आणि तू पोस्टमनचं टक्कल सांभाळायचं!” डॉटचं बरोबर होतं, आणि मला जास्त राग आला तो त्याचाच.

पण कडेलोट पुढेच आहे. दुकानातल्या फळ्या ठोकायचं काम कुणी घ्यावं? कॉलिननं! सुतारकी सोडून पाच वर्षं झालेला माणूस भर सभेत उठून म्हणाला की नाताळाच्या आत सगळं उभं करून देतो. त्याची सलग तीन वाक्यं मी जन्मात पहिल्यांदा ऐकली, आणि तीही सुपरमार्केटच्या बाजूनं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर हातोड्यानं त्या कपडे घालून बघायच्या खोल्या फोडतोय आणि वर शीळ घालतोय. शीळ, ताई!

संध्याकाळी तोच, मी सभेत सोडून आलेली ताटली घेऊन आला, धुऊन पुसून. “व्हर्ना, ते पक्ष्यांचं काय होतं?”

“त्यांना आवाज सोसत नाही,” मी म्हटलं.

त्यानं ताटली माझ्या हातात दिली. “गुरुवारी साडेसात?”

“आणि दुकान उघडल्यावर रे?”

“कस्टर्डची वडी इथे कुठे मिळणार?” एवढं बोलून गेला. त्या एका वाक्यावर मी दोन दिवस काढले. सोमवारी सुपरमार्केटचा नवा मॅनेजर, ओठावर मिशी धड फुटलेली नाही असा, मला नकाशा दाखवायला आला. “आजी, हे बघा, दारातच केकचा काउंटर. पेस्ट्री, केक, कस्टर्डच्या वड्या, रोज ताज्या!” मी त्याला चहा विचारला नाही. विचार कर, मी!

असो. पत्र लांबलं. भावजींना आणि मुलांना आठवण सांग, आणि जिन्यावरून जपून उतर.

तुझी,
व्हर्ना

ता. क. : पालिकेचा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. बाहेरगावच्या माणसालाही आक्षेप घेता येतो, मी विचारून ठेवलंय. तू फक्त केकच्या काउंटरला विरोध कर. बाकीचं दुकान खुशाल होऊ दे, डॉटच्या नातवाला दूध मिळायलाच हवं. माश्या, दात, साखर, काहीही लिही. पक्षी मात्र नकोत.

ता. क. दुसरा, गुरुवार संध्याकाळ : पाकीट पुन्हा उघडलंय. बेकरीवालीनं आज खुशीनं आम्हाला एकेक अख्खी वडी दिली. कॉलिननं त्याची वडी गुपचूप टिलीपुढे ठेवली. परतताना मी विचारलंच. अकरा किलोमीटरनंतर म्हणाला, “कस्टर्ड मला लहानपणापासून आवडत नाही.”

“मग सहा वर्षं खात का होतास?”

“तू अर्धी करून पुढे सरकवायचीस.” आणि लगेच गव्हावर गेला.

म्हणजे सहा वर्षं मी उगीच अर्ध्या वडीवर भागवलं! माझा संताप तुला कळेलच. आक्षेप पाठवू नकोस. तो काउंटर त्यांना हवा तेवढा मोठा करू दे.