नुसती कणकण

औंढा नागनाथ,
१२ सप्टेंबर २००१

ती. आईस, तुझ्या रेवतीचा लांबूनच नमस्कार.

मी बरी आहे. मच्छरदाणी लावूनच झोपते आणि तांड्यावरची ज्वारीची भाकरी मला चांगली मानवली आहे. चिपळूणचा पाऊस ओसरला का? बाबांचा गुडघा कसा आहे?

आमचा हिवतापाचा अभ्यास गरोदर बायकांमध्ये चालला आहे. घरोघरी जाऊन "ताप येतो का?" असं विचारायचं आणि जी हो म्हणेल तिचं रक्त तपासायचं, असं ठरलं होतं. शिवकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. ती हसून म्हणाली, "ताप न्हाई ताई, नुसती कणकण हाय." आम्ही पुढच्या घरी गेलो.

परवा दिवस भरायच्या आधीच तिचं लेकरू झालं आणि गेलं. मग तिचं रक्त तपासलं. हिवताप निघाला. तिची आई पारुबाई मला म्हणाली, "पोरीनं ताप हाय म्हणलं असतं, तर लेकरू वाचलं असतं का वो?" आता आम्ही सगळ्याच जणींचं रक्त तपासतो.

काल तुझं पत्र आलं. आपली सुनीती सातव्यात माहेरी आली, वाचून बरं वाटलं. पण खाली तू लिहिलंयस, "तिला ताप नाही, नुसती कणकण आहे. सुंठीचा काढा देते."

कालपासून फोन लावतेय, लागत नाही. हे पत्र हाती पडेल त्याच दिवशी तिचं रक्त तपासून घे. शिवकन्येचं तिला सांगू नकोस.

काही निघालं नाही तर मला खुशाल घाबरट म्हण. मी कणकणीला घाबरले नाही गं, तुझ्या त्या 'नुसती'ला घाबरले.

तुझी,
रेवती