बेटावर पाणी वेळेवर येत नाही

८ जानेवारी
पोचलो. करंजाडेच्या फ्लॅटमध्ये प्रतिभेला जागाच नव्हती, खिडकीतून समोरच्यांचं किचन दिसतं. इथे खाडीतल्या या बेटावर चिटपाखरू नाही. तीन आठवडे, एक मोठं चित्र, मग वाशीत प्रदर्शन. चित्रकारांना इथे राहायला बोलावणारी ही रेसिडेन्सी चालवणाऱ्या निशिगंधा मॅडमनी मला निवडलं, म्हणजे बाईंना थोडं तरी कळतं. निघताना वैदेहीला स्पष्ट सांगितलं, चित्र झालं नाही तर ब्रश माळ्यावर टाकीन आणि तुझ्या बाबांच्या रंगाच्या कारखान्यात मुकाट कामाला लागेन. बायको म्हणून तिने नाही नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, बरं.

९ जानेवारी, सकाळी ९
खाडी काठोकाठ भरलेली. हाच व्ह्यू. रोज नऊला इथेच बसायचं. शिस्त म्हणजे शिस्त. आज नुसतं पाहिलं.

१० जानेवारी
पेन्सिलने स्केच. रंग उद्या. घाई सामान्य लोक करतात.

१५ जानेवारी, सकाळी ९
चार दिवस सर्दीत गेले. आज बसलो तर पाणी गायब. नुसता चिखल आणि त्यात खेकडे. केअरटेकर गोटीरामला जाब विचारला. तो मोबाइलवर रील बघत होता. मान वर न करता म्हणाला, ओहोटी हाय, पानी येल तवा येल. रोज वेळ बदलते म्हणे. हा काय कारभार आहे? सोसायटीत असतं तर सेक्रेटरीची कॉलर धरली असती.

१६ जानेवारी
मॅडमना मेसेज केला, पाण्याची वेळ फिक्स नाही, तुमच्या ब्रोशरमध्ये तसं लिहिलेलं नाही. त्यांनी हसणारा इमोजी पाठवला. बाई उथळ आहे.

२० जानेवारी
पाणी दुपारी उशिरा आलं. तेव्हा मी झोपतो. कलावंताने वेळ पाळायची आणि खाडीने नाही? तडजोड करणार नाही. गोटीराम म्हणाला, फोटू काढून घ्या ना सायेब. माणसाची लायकी कळली.

२४ जानेवारी
वैदेहीचा फोन. कितपत झालं विचारलं. म्हटलं, आतून झालंय. ती म्हणाली, बाबांनी तीन तारखेपासून तुझ्यासाठी टेबल रिकामं करून ठेवलंय. म्हातारा टपलेलाच आहे. दिवसभर डोकं गरम. रागात काम होत नाही.

२७ जानेवारी
पाण्याशी संबंध तोडला. चिखलच काढणार.

२८ जानेवारी
चिखल सुरू. आणि खरं सांगतो, चांगलं होतंय. इतक्या वर्षांत असा हात चालला नव्हता. जरा भीतीच वाटली.

२९ जानेवारी, सकाळी
आज मॅडम पाहुण्यांना घेऊन चित्र बघायला येणार. पहाटेच चित्रासकट ईझल खाली चिखलात नेऊन शेवटचे हात मारले. सही केली. चित्र तिथेच वाळत ठेवून वर आलो. पोहे खाल्ले. पाच मिनिटं पडतो.

२९ जानेवारी, दुपारी
उठलो तर सगळीकडे पाणी. ईझलचं फक्त टोक दिसत होतं. चित्र तिवरांकडे निघालं होतं, उलटं. गोटीरामवर ओरडलो, बघत काय बसलास? तो म्हणाला, मना वाटलं तुमी मुद्दाम ठेवलंय.

तेवढ्यात पाहुण्यांची होडी लागली. मी छाती पुढे काढून सांगितलं, हो, मुद्दामच. खाडीचं चित्र खाडीला अर्पण. मॅडमचे डोळे चमकले. वाशीला हेच मांडू म्हणाल्या. व्हिडिओ कुठाय? व्हिडिओ नाही. मग कोणी पाहिलं तरी का, असं त्यांनी गोटीरामला विचारलं. तो म्हणाला, म्या पायलं ना. सायेब घोरत व्हतं.

नालायक माणूस. पाहुणे चहा न घेता गेले.

३ फेब्रुवारी, तळोजा
सासऱ्यांच्या कारखान्यात रंगांच्या शेड्स तपासायचं काम. टेबल खिडकीपासून लांब. इथल्या लोकांना रंगातलं काही कळत नाही, हळूहळू सुधारावं लागेल.

चित्राचं काय झालं याचं उत्तर मी नीट बसवून ठेवलंय. भरती, अर्पण, अडाणी केअरटेकर, सगळं. होडीतून उतरल्यापासून तयार आहे. वैदेहीने अजून विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. सकाळी डबा हातात दिला आणि म्हणाली, भेंडी आहे.